'तपासणी करण्यात आली': एका मोबाईल ॲपमधल्या यंत्रलिखित वाक्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

लिफ्टची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आम्ही पाच जणांनी एक मोबाईल ॲप केलं, त्याची ही हकीकत. कंपनी, माणसं आणि यंत्रांचे काही तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत. कोडमधल्या चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच आहेत. मी अँड्रॉइडची बाजू सांभाळत होतो. आयओएस एक सहकारी बघत होती, बॅकएंडला, म्हणजे सर्व्हरच्या बाजूला, एक जण, एक डिझायनर, आणि प्रॉडक्टचं बघणारा एक.

ॲपचं काम साधं होतं. तंत्रज्ञ ठरलेल्या दिवशी भेटीला जातो, यादीतले भाग तपासतो आणि इमारतीच्या व्यवस्थापकाला अहवाल देतो. पहिल्या आवृत्तीत टिक करायची यादी होती आणि खाली शेऱ्यासाठी एक चौकोन. त्या चौकोनात लोक 'ओके' लिहून मोकळे व्हायचे. चूक त्यांची नव्हती. लिफ्टच्या डोक्यावर उभं राहून, एका हाताने दोरखंडाला धरून, तेलकट बोटांनी कोण निबंध लिहिणार? म्हणून दुसऱ्या आवृत्तीत आवाजी नोंद आणली. तंत्रज्ञ बोलणार, बोललेल्याची अक्षरं होणार, आणि त्यावरून भाषा मॉडेल नीटनेटका परिच्छेद लिहिणार. 'अहवाल तयार करा' हे एक बटण, 'पाठवा' हे दुसरं.

स्क्रीन स्वच्छ दिसावी म्हणून डिझायनरने टिकची जुनी यादी घडी घालून खाली ढकलली. ती यादी मॉडेलकडे पाठवायची आम्हाला कोणालाच गरज वाटली नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अक्षरांचा खेळ

आमचा खरा वेळ गेला तो वेगळ्याच गोष्टीत. अहवाल तयार व्हायला बारा-पंधरा सेकंद लागायचे. जेकब नीलसन यांनी १९९३ साली मांडलेल्या तीन मर्यादा मोबाईलवर काम करणाऱ्या बहुतेकांना पाठ असतात: ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ते तत्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, आणि १० सेकंदांपलीकडे माणसाचं लक्ष उडतं. आम्ही दहाच्या पलीकडे होतो. तेव्हा डिझायनर म्हणाली, मजकूर तयार होईल तसतसा दाखवूया, चॅटमध्ये दिसतो तसा. सगळ्यांना पटलं.

इंग्रजीत हे सोपं जातं. देवनागरीत एकेक कोडबिंदू, म्हणजे संगणकाच्या लेखी अक्षराचा एकेक घटक, यूटीएफ-८ या साठवणुकीच्या पद्धतीत ३ बाइट्स घेतो. 'क्षे' हे डोळ्यांना एक अक्षर, पण आत चार कोडबिंदू: क, हलन्त, ष आणि मात्रा. म्हणजे १२ बाइट्स. सर्व्हरकडून येणारा तुकडा या बारांच्या मधे कुठेही तुटू शकतो. मी आलेल्या प्रत्येक तुकड्याचं तिथल्या तिथे स्ट्रिंग, म्हणजे वाचता येणारा मजकूर, करत होतो. त्यामुळे अँड्रॉइडवर मधेच पत्त्यांतल्या चौकटीसारखा काळा आकार आणि त्यात प्रश्नचिन्ह दिसायचं. आयओएसवर तीच चूक वेगळ्या रूपात यायची. आयओएसच्या स्विफ्ट भाषेत अर्धवट बाइट्सचं स्ट्रिंग करायला गेलं की हातात काहीच येत नाही, आणि 'काहीच नाही' आलं तर आमचा कोड पुढे सरकत होता. म्हणजे तुकडाच्या तुकडा गायब. माझ्याकडे चूक दिसत तरी होती. तिच्याकडे वाक्य गुळगुळीत दिसायचं, फक्त त्यातला एखादा शब्द गेलेला असायचा.

अर्धवट बाइट्स पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवणं, हा त्यावरचा उपाय सर्वांना माहीत असलेला. तो केला. मग 'क', 'क्', 'क्ष', 'क्षे' अशी अक्षरं डोळ्यांदेखत रूप बदलायची ती बंद करायला शब्द पूर्ण झाल्यावरच दाखवायचं ठरलं. दोन आठवडे यात गेले. शेवटी मजकूर इतका सुंदर उमटायचा की आम्ही दाखवण्यासाठी माणसं शोधायचो. तो कोण वाचतो, हा प्रश्न त्या दोन आठवड्यांत एकदाही निघाला नाही.

अडचण

ॲप वापरात आल्यावर काही महिन्यांनी एका पर्यवेक्षकांचा फोन आला. जुने गृहस्थ. ॲप आलं तरी लिफ्टच्या मशीनरूममधली कागदी वही त्यांनी बंद होऊ दिली नव्हती. वहीत त्या महिन्याला ब्रेकच्या लायनिंगसमोर (ब्रेकचं झिजणारं अस्तर) रेघ होती, म्हणजे काम झालेलं नाही. ॲपच्या अहवालात वाक्य होतं: 'ब्रेकच्या लायनिंगची तपासणी करण्यात आली असून पुढील भेटीत पुनर्तपासणी केली जाईल.'

त्यांनी तंत्रज्ञाला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, हे मी बोललोच नाही. मी बोललो, लायनिंग पुढच्या खेपेला बघतो, आज वेळ नाही मिळाला."

अपघात झाला नाही. पर्यवेक्षकांनी दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवून लायनिंग बघून घेतलं, ते ठीक होतं. पण इमारतीच्या व्यवस्थापकाच्या हातात आमच्या ॲपने सही-शिक्क्यासारखा दिसणारा एक कागद दिला होता, आणि त्यात न झालेलं काम झालेलं होतं.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

आयओएसवर शब्द गायब व्हायचे हे आमच्या डोक्यात ताजं होतं. त्या तंत्रज्ञाचा फोनही आयफोनच निघाला. त्यामुळे 'नाही' हा शब्द वाटेत गळला असणार, असं आम्ही पाच मिनिटांत ठरवून टाकलं. दुरुस्तीचा कोड उघडला. ती दुरुस्ती ज्या पुल रिक्वेस्टमधून (कोडमधला बदल सहकाऱ्यांकडे मंजुरीसाठी पाठवायची विनंती) आली होती तिचं वर्णन वाचलं: 'तुकड्यांच्या सीमेवरच्या सर्व शक्यतांसाठी टेस्ट जोडण्यात आल्या आहेत.' कोड तपासणाऱ्या त्या टेस्ट मोजल्या. दोन होत्या.

वर्णन मशीनकडून लिहून घेतलेलं होतं. लिहून घेणारा मीच. आयओएसच्या बाजूचे बदलही त्याच रिक्वेस्टमध्ये होते आणि आयओएसवालीने ते वर्णनाच्या भरवशावर पास केले होते. मला वर्णन ठाकठीक वाटलं होतं कारण ते ठाकठीक दिसत होतं. 'जोडण्यात आल्या आहेत.' कोणी जोडल्या, किती जोडल्या, त्या वाक्यात कुठेच नव्हतं, आणि मराठीत ते विचारायची आपल्याला सवयही नाही. कचेरीतल्या कागदांची ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या अशीच आहे: कार्यवाही करण्यात येते, दखल घेण्यात येते, करणारा कुठेच नसतो. अशा मजकुरावर शिकलेल्या मॉडेलला 'तपासणी' या शब्दापुढे 'करण्यात आली' हेच सगळ्यात ओळखीचं वाटणार.

दीड दिवस आम्ही बाइट्स शोधत बसलो. मग बॅकएंडवाल्याने सर्व्हरवरचा मजकूर काढून दाखवला. वाक्य तिथून निघतानाच तसं होतं. एकही बाइट हरवला नव्हता. फोनने जे आलं ते इमानेइतबारे दाखवलं होतं.

प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या सूचनेत, लिहिलं होतं: औपचारिक भाषेत, पूर्ण वाक्यांत, व्यावसायिक अहवाल लिहा. सोबत नमुन्याचे तीन अहवाल दिले होते, आणि तिन्हींत सगळी कामं झालेली होती. न झालेल्या कामाचा नमुना एकही नव्हता. नमुने निवडताना आम्ही 'चांगले अहवाल' निवडले, आणि चांगला म्हणजे ज्यात सगळं झालेलं आहे तो. टिकच्या यादीत त्या तंत्रज्ञाने लायनिंगसमोर टिक केलेली नव्हती. म्हणजे त्या वाक्याला खोटं ठरवणारी माहिती त्याच ॲपमध्ये होती, दोन बोटं खाली, घडी घालून ठेवलेली.

प्रॉडक्टवाला म्हणाला, "टेंपरेचर शून्य करा ना, म्हणजे मनाचं लिहिणार नाही." ते आधीपासून शून्यच होतं. टेंपरेचर म्हणजे शब्द निवडताना मॉडेलला दिलेली मोकळीक; ती शून्य केली की मॉडेल प्रत्येक पायरीला सगळ्यात संभाव्य तुकडा निवडतं, एवढंच. संभाव्य आणि खरं यांचा संबंध तिथे येत नाही. आमच्या बाबतीत सगळ्यात संभाव्य शेवटच चुकीचा होता.

तातडीने काय केलं

आधी ही सोय बंद करायची होती. अँड्रॉइडवर ती दुरून बंद करायचं कळ-बटण मी ठेवलं होतं. आयओएसवर 'पुढच्या आवृत्तीत टाकू' म्हणून राहून गेलं होतं. स्टोअरच्या परीक्षणातून नवी आवृत्ती जाईपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून बॅकएंडवरून त्या विनंतीला 'चूक झाली' असं उत्तर द्यायला लागलो. आयओएसवाल्या तंत्रज्ञांना 'पुन्हा प्रयत्न करा' दिसायला लागलं आणि ते बिचारे पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसले. अर्धा दिवस हा गोंधळ.

मग बॅकएंडवाल्याने दोन ओळींचा बदल केला. मॉडेलला विचारायचंच नाही, तंत्रज्ञाची बोललेली नोंद आहे तशी अहवाल म्हणून परत करायची. दोन्ही ॲप सुरळीत चालायला लागली. व्यवस्थापकांकडे 'लायनिंग पुढच्या खेपेला बघतो, आज वेळ नाही मिळाला' अशा भाषेतले अहवाल जायला लागले. तक्रारींची वाट बघत बसलो होतो, एकही आली नाही. एका व्यवस्थापकाने तर विचारलं की हल्ली अहवाल कळायला लागलेत, काय बदललं?

हे ऐकून आम्ही पाचही जण जरा वेळ गप्प होतो.

आधीच गेलेल्या अहवालांचं काय

यात आमची सगळ्यात मोठी चूक सापडली. आवाजाची फाईल अक्षरं झाल्यावर पुसली जायची. जागा वाचावी आणि कुणाचा आवाज उगाच साठवू नये म्हणून, तो हेतू योग्यच होता. पण अक्षरांतली नोंद आणि मॉडेलचा अहवाल यांना डेटाबेसमध्ये एकच रकाना होता. 'पाठवा' दाबलं की नोंदीच्या जागी अहवाल बसायचा. तंत्रज्ञ काय बोलला होता याचा पुरावा आम्ही दर वेळी स्वतःच्या हाताने पुसत होतो.

वाचलो ते सर्व्हरच्या लॉगमुळे, म्हणजे त्याच्या कामाच्या रोजनिशीमुळे. चुका शोधण्यासाठी बॅकएंडवाल्याने नोंदी लॉगमध्ये टाकल्या होत्या आणि ते लॉग ३० दिवस राहायचे. कोणी मुद्दाम ठरवून केलेली ही गोष्ट नव्हती. त्या तीस दिवसांतले अहवाल आम्ही वाटून घेतले आणि नोंद डावीकडे, अहवाल उजवीकडे ठेवून एकेक वाचला. उलटा अर्थ झालेले आणखी काही सापडले, सगळे एकाच जातीचे: 'बघतो', 'करायचंय', 'राहिलंय' यांचं 'करण्यात आलं' झालेलं. दुसरी एक जात मला जास्त अस्वस्थ करून गेली. नोंद होती, 'तिसऱ्या मजल्यावर दार किंचित अडतं, बहुतेक रूळात कचरा.' अहवालात 'बहुतेक' गेलं होतं. तंत्रज्ञाचा अंदाज निदान होऊन बसला होता. हे खोटं म्हणता येत नाही, आणि खरंही नाही.

तीस दिवसांआधीच्या अहवालांबद्दल काय करायचं, यावर वाद झाला. प्रॉडक्टवाल्याचं म्हणणं, तपासताच येत नाही तर सांगून घाबरवायचं कशाला. बॅकएंडवाल्याने एक निकाल समोर ठेवला. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली होती. २०२४ च्या फेब्रुवारीत कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दिवाणी न्यायाधिकरणाने त्याची जबाबदारी विमान कंपनीवरच टाकली. बॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे, अशा धर्तीचा बचाव तिथे टिकला नाही. "आपल्या वाक्याखाली तर तंत्रज्ञाचं नाव आहे," तो म्हणाला. "बॉटला नाही, त्याला धरतील." वाद तिथे संपला. देखभाल कंपनीला लेखी कळवलं आणि जुन्या भेटींतली ब्रेक, दारं, दोरखंड यांची कामं पुढच्या खेपेला नव्याने तपासून घ्या, अशी विनंती केली. कंपनीने ती मानली. आम्हाला चार गोष्टी ऐकवल्याही.

कोणते पर्याय होते

पर्यायांवरची चर्चाच आधी सांगायला हवी, कारण तिथे काहीतरी घडलं. प्रॉडक्टवाल्याने संध्याकाळी गटाच्या चॅटवर नऊ पानांचा आराखडा टाकला. मुद्दे, उपमुद्दे, प्रत्येक पर्यायाचे फायदे-तोटे, तक्ता. दहा मिनिटांत चार अंगठे पडले, त्यातला एक माझा. रात्री आयओएसवालीने लिहिलं, "अरे, हे खरंच कोणी वाचलंय का? सातव्या पानावर म्हटलंय की तंत्रज्ञाने मजकूर तपासणं ऐच्छिक ठेवावं. आपण याच्यासाठीच बसलोय ना?"

कोणीच वाचलं नव्हतं. आराखडा टाकणाऱ्यानेसुद्धा पूर्ण वाचला नव्हता, त्याने मॉडेलकडून करून घेतला होता. गंमत अशी की आम्ही आठवडाभर तंत्रज्ञांबद्दल बोलत होतो, ते न वाचता 'पाठवा' कसं दाबतात म्हणून. आणि इथे आम्ही स्वतःच न वाचता अंगठा दाबत होतो. नीट लिहिलेलं दिसलं की माणूस गृहीत धरतो, कोणीतरी यावर बसलेलं असणार. हाताने लिहिलेल्या मजकुरात ते बहुतेकदा खरं असायचं. शुद्ध, लांब, मुद्देसूद मजकूर म्हणजे कोणाची तरी दुपार गेलेली. आता ती खूण निकामी झाली आहे आणि आपले डोळे अजून तिच्यावरच विसंबून आहेत.

दुसऱ्या दिवशी आराखडा बाजूला ठेवून फळ्यासमोर बसलो. प्रॉम्प्ट कडक करायचा, 'न सांगितलेलं लिहू नकोस' म्हणायचं आणि न झालेल्या कामाचे नमुने द्यायचे, हा सगळ्यात स्वस्त पर्याय. करून पाहिला, फरक पडला. पण पन्नास नोंदींवर ठीक चाललं म्हणून पाचशेव्या नोंदीची हमी कोण देणार? मजकुराखाली 'हा मजकूर यंत्राने तयार केला आहे, चुका असू शकतात' अशी बारीक ओळ टाकायची, हा दुसरा. त्याने आमची कातडी वाचली असती, लायनिंग नाही. एका मॉडेलचं दुसऱ्या मॉडेलकडून तपासून घ्यायचं, हा तिसरा, आणि मला तो तेव्हा आवडला होता. आयओएसवालीने विचारलं की दुसरं चुकलं तर तिसरं ठेवणार का, आणि मी पुढे बोललो नाही. आज वाटतं तो पर्याय मी फार लवकर सोडला. शेवटचा निकाल म्हणून तो नको होता, पण संशयास्पद अहवाल वर काढून दाखवायला उपयोगी पडला असता.

मॉडेल पूर्ण काढून टाकावं, असं डिझायनरचं मत पडलं. गेल्या काही दिवसांचा अनुभव तिच्या बाजूने होता. विरोधात एकच मुद्दा उभा राहिला: व्यवस्थापकांना कळतंय, पण देखभाल कंपनीला पुढच्या खेपेची कामं काढायला नोंदीतून भाग आणि स्थिती वेगळी हवी असते, आणि ती आत्ता एक माणूस बसून काढतो.

शेवटी काय केलं

मॉडेलचं काम कमी केलं. आता ते वाक्य लिहीत नाही. नोंदीतून भागाचं नाव, त्याची सुचलेली स्थिती, आणि ज्या शब्दांवरून ते सुचलं ते नोंदीतले मूळ शब्द, अशा तीन गोष्टी ठरलेल्या साच्यात परत देतं. नोंद आपल्या रकान्यात कायम राहते, तिच्यावर काहीही लिहिलं जात नाही. व्यवस्थापकाकडे वर तंत्रज्ञाचे शब्द जातात, खाली तक्ता.

परत आलेले 'मूळ शब्द' नोंदीत खरंच आहेत का, हे कोड तपासतो. सापडले नाहीत तर ती ओळ टाकून देतो. साधी तुलना, पण पहिल्याच दिवशी तीही फसली. 'तिसऱ्या मजल्यावर' हे शब्द नोंदीत होते, मॉडेलनेही तेच दिले होते, आणि कोड म्हणे नाहीत. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे. बाइट्स उघडल्यावर कळलं: नोंदीतला 'ऱ' एका कोडबिंदूचा होता, मॉडेलकडून आलेला 'र' आणि खाली नुक्ता असा दोन कोडबिंदूंचा. युनिकोडच्या दृष्टीने ही एकाच अक्षराची दोन सममूल्य रूपं आहेत. दोन्हीकडचा मजकूर तुलनेआधी एनएफसी या युनिकोडच्या एकसारख्या केलेल्या रूपात आणला की जुळतो. मराठीत 'दुसऱ्या', 'करणाऱ्या', 'दोऱ्या' पावलोपावली येतात, तेव्हा देवनागरी मजकुरावर शोध किंवा तुलना लिहिणाऱ्याने ही एक ओळ पहिल्यापासूनच घालावी.

ही तपासणी शब्द खरे आहेत एवढंच सांगते. स्थिती बरोबर ओळखली का, ते नाही. म्हणून प्रत्येक भागासमोर 'केलं', 'केलं नाही', 'पुढच्या खेपेला' अशी तीन बटणं ठेवली आणि तिन्ही रिकामी. मॉडेलला काय वाटतं ते आधी भरून दाखवायचं नाही. यावर डिझायनर आणि मी बरेच भांडलो. माझं म्हणणं, भरलेलं असेल तर एक टॅप वाचतो. तिचं म्हणणं, वाचवायचा नसलेला टॅप तोच आहे. ती बरोबर होती. मॉडेलचं मत फक्त तेव्हाच वर येतं जेव्हा ते तंत्रज्ञाच्या टॅपशी जुळत नाही. तेव्हा त्याचेच शब्द त्याला पुन्हा दाखवले जातात. बटणं अँड्रॉइडच्या ४८ डीपी आणि ॲपलच्या ४४ पॉइंट या किमान मापांपेक्षा बरीच मोठी केली. ती मापं स्वच्छ बोटांसाठी आहेत.

अक्षर-अक्षर उमटणारा मजकूर गेला. दोन आठवड्यांचं काम एका कमिटमध्ये पुसलं. खरं तर ते पहिल्या दिवशीच पुसायला हवं होतं, कारण लिफ्टच्या खड्ड्यात आणि मशीनरूममध्ये बहुतेकदा नेटवर्कच नसतं. तंत्रज्ञ बोलायचा, गोल फिरत राहायचं, आणि तो बाहेर येऊन पुन्हा बटण दाबायचा. आम्ही टेबलावर बसून, वायफायवर, त्या उमटण्याचं कौतुक करत होतो. आता नोंद आधी फोनमध्ये जपली जाते आणि नेटवर्क आलं की मागे काम होतं. आयओएस मागचं काम केव्हा करील याचा नेम नसतो, म्हणून तिथे ॲप उघडल्याबरोबरही रांग तपासली जाते. तंत्रज्ञ जिन्यात बसून टॅप करतो. दहा सेकंदांची मर्यादा आता आड येत नाही, कारण कोणी स्क्रीनकडे बघत थांबलेलंच नसतं.

आमच्या चॅटलाही एक नियम लागला: मशीनकडून आलेला मजकूर टाकायला हरकत नाही, पण वर स्वतःच्या दोन ओळी हव्यात, यातलं मी काय वाचलं आणि काय तपासलं. पुल रिक्वेस्टचं वर्णन कर्त्यासकट लिहायचं. 'टेस्ट जोडण्यात आल्या' नाही, 'मी दोन टेस्ट जोडल्या'. पहिल्यांदा हे हास्यास्पद वाटलं. मग दोन लिहिताना लाज वाटून मी सात लिहिल्या.

काय साधलं, काय नाही

उलट्या अर्थाचा अहवाल पुन्हा सापडलेला नाही. आता दर आठवड्याला आमच्यापैकी एक जण मूठभर अहवाल नोंदीशी ताडून बघतो, त्यावरून हे म्हणतोय. पर्यवेक्षकांनी कागदी वही बंद केलेली नाही आणि आम्ही त्यांना तसं सुचवायचं धाडसही केलेलं नाही.

तंत्रज्ञ खूष नाहीत. "आधी दोन टॅप होते, आता बारा आहेत," असं एकाने ऐकवलं, आणि मोजून पाहिलं तर त्याचं खरं होतं. काही जण सगळ्या ओळींवर वरपासून खालपर्यंत 'केलं' दाबत जातात. टॅपच्या वेळा बघितल्या की ते कळतं, दहा ओळी एका दमात. म्हणजे न वाचता 'पाठवा' दाबणं गेलं आणि न वाचता दहा वेळा 'केलं' दाबणं आलं. निदान तो टॅप आता त्या माणसाचा आहे, वाक्य मॉडेलचं आणि नाव त्याचं असं राहिलेलं नाही, हे समाधान मी स्वतःला देतो. आयओएसवालीला ते पटत नाही. तिच्या मते आम्ही जबाबदारी सगळ्यात थकलेल्या माणसाच्या बोटावर ढकलली. ज्या ओळीत टॅप आणि शब्द जुळत नाहीत तिथे ॲप अडून बसतं, त्यामुळे घाऊक 'केलं' बऱ्याचदा पकडलं जातं. पण नोंदीत त्या भागाचा उल्लेखच नसेल, तर पकडायला काही नसतं.

वेगळं काय करता आलं असतं

मूळ नोंद आणि तयार मजकूर यांना पहिल्यापासून दोन रकाने. यापेक्षा स्वस्त सुधारणा मला आठवत नाही, आणि तिच्या अभावी जितकं नुकसान झालं तितकं दुसऱ्या कशानेच नाही.

सोय बाजारात जाण्याआधी ती दोन्ही प्लॅटफॉर्मवर दुरून बंद करता यायला हवी होती, आणि बंद झाल्यावर ॲप काय दाखवेल हेही एकदा करून बघायला हवं होतं. पहिल्या संशयाला दीड दिवस देण्याआधी सर्व्हरवरचा मजकूर बघणं हे पाच मिनिटांचं काम होतं. ताजी चूक डोळ्यांसमोर असली की नवी तक्रार तिच्यातच बसवाविशी वाटते.

मॉडेलला नमुने देताना अडलेली, राहिलेली, अर्धवट कामं आधी शोधायला हवी होती. त्यासाठी आम्हाला पर्यवेक्षकांची वही मागता आली असती. ती तिथेच होती, पहिल्या दिवसापासून, रेघांसकट. आम्ही तंत्रज्ञांशी बोललो, व्यवस्थापकांशी बोललो, मशीनरूममध्ये कोणी गेलं नाही.

तीस दिवसांपूर्वीच्या त्या अहवालांसाठी डेटाबेसमध्ये आता एक खूण आहे: 'मूळ नोंद उपलब्ध नाही'. व्यवस्थापकाने जुना अहवाल उघडला की ती वर दिसते. प्रॉडक्टवाल्याने ती कधी काढायची म्हणून दोनदा विचारलं आहे. दोन्ही वेळा कोणी अंगठा दिला नाही.